आठवड्यातील सात तास

लालबागहून एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले आहे. अक्षर वळणदार, डावीकडे समास सोडलेला, उजव्या कोपऱ्यात तारीख. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाचे पत्र दुरूनही ओळखू येते. त्यांची अनुमती घेऊन आणि नावगाव वगळून त्यातील मजकूर येथे मांडत आहे, कारण हाच प्रश्न निराळ्या वेषात तुमच्यापैकी अनेकांच्या घरी उभा असणार.

पत्रलेखकांचे वय 76. पत्नीला दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू दुर्बल झाली आणि वाचा गेली. ब्यूरोतून येणाऱ्या मावशी सकाळी आठ ते रात्री आठ असतात. त्रेचाळीस वर्षांची सून फोर्टमधील एका विमा कंपनीत अधिकारी आहे. ती सव्वासातच्या सुमारास घरी पोहोचते आणि तेथून पुढे सासूबाईंचे सारे तिच्याकडे असते: व्यायाम, जेवण, औषधे, कपडे बदलणे, अंथरुणावर नेणे. आता तिला व्यवस्थापनाच्या तीन वर्षांच्या सायंकालीन अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावयाचा आहे. आठवड्यातून तीन दिवस, साडेसहा ते साडेनऊ. सात वर्षे एकाच पदावर असल्याने पुढची वाट या शिक्षणाने मोकळी होईल, असे तिला वाटते. घरच्यांनी तिला सांगितले, ‘तुझ्या मनाला येईल तसे कर.’ पत्राच्या शेवटी मात्र आजोबा लिहितात, ‘नाही म्हणणे शोभत नाही आणि हो म्हणताना भीती वाटते. या वयात हे शिक्षण घेणे योग्य की अयोग्य, एवढेच आपण सांगावे.’

आजोबा, आपण विचारलेला प्रश्न सुनेच्या वयाविषयी आहे. भीती मात्र संध्याकाळची आहे. वयाविषयी थोडक्यात सांगून मी त्या भीतीकडे वळते.

त्रेचाळीसाव्या वर्षी शिकता येते. अमेरिकेतील सिएटल येथे 1956 साली सुरू झालेल्या आणि पुढे अनेक दशके चाललेल्या एका अभ्यासात त्याच माणसांची बुद्धी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासली गेली. माहिती झटपट टिपण्याचा वेग लवकर उतरू लागतो. पण शब्दज्ञान आणि तर्काने विचार करण्याची क्षमता मध्यमवयातही भक्कम राहते, असे त्यातून दिसले. म्हणजे पाठांतराला वेळ अधिक लागेल. एखाद्या कंपनीचा ताळेबंद वाचून तिचे कोठे बिनसले आहे, हे मात्र वीस वर्षे नोकरी केलेल्या बाईला बाविशीच्या मुलापेक्षा लवकर उमगेल. वाचनाच्या चष्म्याला आपल्या भाषेने ‘चाळिशी’ हे नाव दिले आहे, तो एक खर्च गृहीत धरावा.

शिवाय आपण ज्या भागात राहता, तेथे नोकरी सांभाळून शिकणारी प्रौढ माणसे काही नवलाची नव्हेत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींच्या गॅलरीत रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असे, तो केवळ शाळकरी मुलांसाठी नव्हे. 1928 साली स्थापन झालेल्या भारतीय बँकर संस्थेच्या परीक्षांना बसणारे कारकून तेथे असत. विमा क्षेत्रातील कर्मचारी 1955 साली मुंबईत सुरू झालेल्या भारतीय विमा संस्थेच्या परीक्षा देत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि तेथील सकाळच्या वर्गांमुळे दिवसा नोकरी करणाऱ्या कितीतरी तरुणांना पदवीचे दार उघडले. मुंबई विद्यापीठाने 1965 मध्ये चर्चगेटला व्यवस्थापन शिक्षणाची जमनालाल बजाज संस्था काढली. नोकरदारांसाठी तीन वर्षांचे सायंकालीन अभ्यासक्रम तेथे वर्षानुवर्षे चालत आले आहेत.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट सहसा लिहिली जात नाही. दिव्याखाली बसलेल्या माणसाचे नाव निकालपत्रात येते. तो बसलेला असताना घर कोणी सांभाळले, याची नोंद कोठेच नसते. यासंबंधी परळमधीलच एक उदाहरण सांगते. उदाहरण फार मोठ्या माणसाचे आहे आणि तुलना करण्याचा हेतू अजिबात नाही. परंतु शिक्षणासाठी चालती नोकरी सोडण्याचा निर्णय कसा घेतला गेला, हे त्यातून स्वच्छ दिसते.

नोव्हेंबर 1918 मध्ये डॉ. आंबेडकर सिडनहॅम या मुंबईच्या सरकारी वाणिज्य महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा 450 रुपये. त्या काळी ही मोठीच रक्कम. घरी पत्नी, मुलगा आणि इतर आप्त. राहणे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत. अशी स्थिरस्थावर नोकरी त्यांनी मार्च 1920 मध्ये सोडली आणि जुलैमध्ये ते लंडनला गेले. आज आपण म्हणू, ध्येयवेड. मला त्या निर्णयामागचा हिशेब अधिक लक्षणीय वाटतो. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते आणि चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती. ‘आत्ताच का?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे तारखेसह उत्तर होते. पैशांची तजवीजही हवेत नव्हती. पगारातून साठवलेली पुंजी, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेले 1500 रुपये आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले 5000 रुपयांचे कर्ज. शिकून काय करता येईल, हेही ठरलेले होते: बॅरिस्टरची सनद हाती आली की कोणाच्या नोकरीवर अवलंबून राहावे लागणार नव्हते. 1921 मध्ये एम.एस्सी., पुढे बॅरिस्टरी, आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईस परतले आणि त्याच वर्षी त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

जुलै 1920 ते एप्रिल 1923. जवळजवळ तीन वर्षे. तेवढा काळ परळच्या त्या दोन खोल्यांत रमाबाईंनी तुटपुंज्या पैशांत घर चालवले. त्या तीन वर्षांची पदवी कोणतेही विद्यापीठ देत नाही.

आणखी एक प्रसंग त्याआधीचा, परळमधील दुसऱ्या एका चाळीतला. बाबासाहेबांच्या चरित्रांत असे वाचावयास मिळते, की ते शाळेत असताना कुटुंबाला एकच खोली होती. मुलगा संध्याकाळी लवकर झोपे. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग त्याला अभ्यासाला उठवीत आणि त्याच जागेवर स्वतः आडवे होत. जागा एक, माणसे दोन. वाटून घेतला तो वेळ. घरातील वडीलधाऱ्यांनी शिकणाऱ्यासाठी काय करावे, याचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही. त्यात आशीर्वादाचा एक शब्द नाही. घड्याळ आहे.

म्हणून आजोबा, आपणही घड्याळ घेऊन बसू.

मावशी रात्री आठला जातात. वर्ग साडेनऊला सुटणार. लोकलने लोअर परळ, तेथून करी रोडच्या बाजूने पायी लालबाग. दहा वीसला सून घरात. (गणपतीच्या दहा दिवसांत किती वाजतील, हे लालबागकरांना मी काय सांगावे? त्या दिवसांचा निराळा विचार करावा लागेल.) आठ ते दहा वीस म्हणजे दोन तास वीस मिनिटे, तीन दिवसांचे मिळून सात तास. तीन वर्षांचे जे ओझे आपणास छातीवर बसल्यासारखे वाटते आहे, त्याचे खरे माप आठवड्यातील हे सात तास आहेत. एकूण घरकामाचा आणि अभ्यासाचा भार आहेच, त्याकडे पुढे येऊ. पण आपल्या पत्नीच्या शुश्रूषेत पडणारे भगदाड एवढे आणि एवढेच आहे.

आता या सात तासांत काय काय करावे लागते ते लिहून काढा. खरोखरच कागदावर लिहा. त्यातील बरेचसे आपण स्वतः करू शकाल. जेवण भरवताना रुग्ण ताठ बसलेला हवा, घास लहान हवा, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर त्याविषयी वाक्‌उपचारतज्ज्ञांनी सांगितलेले काटेकोर पाळावे. हे सारे शहात्तर वर्षांचा निरोगी माणूस शांतपणे करू शकतो. किंबहुना घाईने घरी परतलेल्या माणसापेक्षा चांगले करतो. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या वेळेवर देणे, हेही आपले काम होऊ शकते. आयुष्यभर खतावण्या जुळवलेल्या माणसाला एक तक्ता भिंतीवर लावणे जड नाही.

एक गोष्ट मात्र आपण एकट्याने करू नये. खुर्चीतून पलंगावर नेताना पत्नीला कधीही एकट्याने उचलू नका. अशा वेळी दोघेही पडतात, आणि या वयात खुब्याचे हाड मोडले की घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. अंथरुणावर नेणे आणि कपडे बदलणे यांसाठी दुसरे माणूस हवे. तीन दिवस मावशींना रात्री साडेदहापर्यंत थांबण्याची विनंती करता येईल. त्याचे पैसे किती होतात ते ब्यूरोला विचारून, ती रक्कम अभ्यासक्रमाच्या शुल्कातच धरावी. शुल्क, पुस्तके आणि मावशींचे जादा तास असा खर्च एकत्र मांडला, की शिक्षणाची खरी किंमत दिसते. शैक्षणिक कर्ज काढणार असाल, तर जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजापुरती वजावट मिळते, मुद्दलावर नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसरे माणूस म्हणून आणखीही कोणी आहे. आपल्या चार पानी पत्रात मुलाचा उल्लेख एका वाक्यात आहे: ‘चिरंजीव कामामुळे उशिरा येतात.’ किती उशिरा, ते लिहिलेले नाही. लवकर येता येईल का, हेही नाही. मी रागाने विचारत नाही, पण विचारल्यावाचून राहवत नाही. हाच अभ्यासक्रम मुलाला करावयाचा असता, तर हे पत्र आपण लिहिले असते का? मला वाटते, आपण पेढे वाटले असते. सुनेच्या सायंकाळी आपल्या घरांत गृहीत धरलेल्या असतात. त्या मोजण्याची वेळ ती त्या मागू लागते तेव्हाच येते. आजारी बाई मुलाची आई आहे. आठवड्यातून एक दिवस त्याने आठच्या आत घरी यावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही. हे सुनेने सांगितले तर भांडण होईल. आपण सांगितले तर तो ऐकेल.

आता सुनेसाठी काही, कारण हा अंक तीही वाचत असेल.

ताई, प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टींची शहानिशा करा. हाती पडणारा कागद नेमका कोणता आहे? विद्यापीठाची पदवी, संस्थेची पदविका आणि काही महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र या तीन निराळ्या गोष्टी आहेत. नामांकित संस्थांच्या नोकरदारांसाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून बहुधा प्रमाणपत्र मिळते. त्याचे मोल शून्य नाही, पण जेथे पदवीची अट आहे तेथे ते चालेलच असे नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घेणार असाल, तर त्या विद्यापीठाला त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहा; जाहिरातीवर विसंबू नका. दुसरे म्हणजे, आपल्या कंपनीत वरच्या पदावर गेलेल्या चारजणांकडे हा कागद होता का, हे शोधा. मनुष्यबळ विभागाला सरळ विचारा: ही पदवी मिळाली, तर मी कोणत्या पदासाठी पात्र होईन? उत्तर गुळमुळीत आले, तर तेही उत्तरच समजावे.

आपण विमा क्षेत्रात आहात, म्हणून आणखी एक वाट सुचवते. भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो या तीन पायऱ्यांच्या परीक्षा घरी अभ्यास करून देता येतात. व्यवस्थापनाच्या पदवीला त्या पर्याय होत नाहीत. विम्याबाहेर जावयाचे असेल, तर पदवीच हवी. मात्र याच क्षेत्रात वर चढावयाचे असेल, तर कमी पैशांत आणि एकही संध्याकाळ न गमावता आपण अभ्यासाला लागू शकता. सासूबाईंची प्रकृती अजून सावरते आहे. हे एक वर्ष त्या परीक्षांना देऊन मग पदवीकडे वळणे, हादेखील निर्णयच आहे. त्याला माघार म्हणू नये. ‘आत्ताच का?’ याचे उत्तर आपल्याकडे तारखेसह असेल, तर प्रश्नच मिटला. नसेल, तर वर्षभर थांबल्याने काय हातचे जाते ते पाहावे.

आणि झोप. सध्या आपण किती झोपता, ते सासऱ्यांच्या पत्रावरून सहज कळते: रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच. सहा तास. प्रौढ माणसाला निदान सात तास लागतात, म्हणजे आताच दररोज एक तास कमी पडतो आहे. अभ्यासाचे तास याच झोपेतून काढले, तर शिकलेले टिकणार नाही, कारण दिवसभरात जे शिकलो ते मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. त्रेचाळीसाव्या वर्षी रजोनिवृत्तीपूर्व बदलही सुरू झालेले असू शकतात. अकारण जाग येणे, घाम फुटणे, चिडचिड ही त्याची चिन्हे. तेव्हा आधी रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शुश्रूषा करणाऱ्यांना स्वतःच्या तपासण्या आठवतच नाहीत. अभ्यासासाठी शनिवार-रविवारची सकाळ राखून ठेवा, आणि त्या दोन सकाळी स्वयंपाकघर दुसऱ्या कोणाचे असेल, हे आधीच ठरवून घ्या.

आजोबा, पुन्हा आपल्याकडे येते. ‘तुझ्या मनाला येईल तसे कर’ हे वाक्य मागे घ्या. ऐकायला ते उदार आहे, पण त्यात सारा दोष ऐकणाऱ्याच्या पदरात घातलेला असतो. उद्या आजीचा ताप चढला, की त्या संध्याकाळी वर्गात बसल्याबद्दल ती स्वतःलाच दोषी धरील. त्याऐवजी जे मला लिहिलेत, तेच तिला सांगा: मला भीती वाटते. कशाची, तेही सांगा. रात्री आठनंतर पत्नीला काही झाले आणि घरात आपण एकटेच असलो तर? ही भीती खरी आहे आणि तिच्यावर इलाज आहेत. शेजारच्या घरात एक किल्ली, फोनजवळ डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक; चेहरा वाकडा होणे, हात गळणे, शुद्ध हरपणे असे काही दिसताच वाट न पाहता थेट रुग्णालय.

शुल्क भरण्याआधी महिनाभर रंगीत तालीम करा. ठरलेल्या तीन दिवशी सुनेने खरोखरच दहा वीसला घरी यावे. तोवर तिने कार्यालयाजवळ एखाद्या वाचनालयात बसून अभ्यास करावा. मावशींचे जादा तास, मुलाचा एक दिवस, आपला तक्ता, सारे चालवून पाहा. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल. चौथ्या आठवड्यातही तेवढाच असला, तर योजना बदलावी लागेल, आणि ते एका महिन्यात कळलेले बरे.

या सगळ्याआधी मात्र एक काम उरले आहे. पत्राच्या दुसऱ्या पानावर आपण लिहिले आहे, की पत्नीला बोलता येत नसले तरी समजते सर्व, असे उपचारतज्ज्ञांनी सांगितले आहे. आणि तिसऱ्या पानावर जाता जाता एक ओळ आहे: 1980 साली आपण बँकर संस्थेच्या परीक्षेचा दुसरा भाग उत्तीर्ण झालात, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता आणि घर एका खोलीचे. त्या खोलीत तीन वर्षांच्या मुलाला रोज रात्री शांत कोण ठेवत असे, ते आपण लिहिलेले नाही. मला विचारण्याची गरज नाही.

त्यांना विचारा. संध्याकाळी थकलेल्या असताना नको, सकाळी न्याहारीनंतर विचारा. रेडिओ बंद करा, समोर बसा, प्रश्न एकेक आणि छोटा ठेवा, ज्याचे उत्तर मानेने किंवा डाव्या हाताने देता येईल. सुनेला शिकू द्यावे का? त्या तीन रात्री मी भरवले तर चालेल का? उत्तराला पुरेसा वेळ द्या. वाचा गेलेल्या माणसाचे उत्तर उशिरा येते. काय म्हणाल्या, ते मला अवश्य कळवा.